संचातलं पहिलं गाणं

माझी धाकटी बहीण जाऊन वर्ष झालं आणि कंपनीने तिच्या जन्मभराच्या गाण्यांचा संच बाजारात आणला. 'सोल' हे पाश्चात्य ढंगाचं संगीत गाणारी अशी गायिका पुन्हा होणे नाही, असं खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय. मी नाक मुरडलं. घरात खरा गळा माझा होता, हे मी सगळ्यांना सांगून सांगून थकले. पण बाबा स्टुडिओत घेऊन गेले ते तिला, आणि मी बसले लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करत.

भाचीने खोका आणला आणि माझ्यासमोर पहिली सीडी लावली. "मावशी, हे सगळ्यात जुनं गाणं. आईच्या कपाटात कॅसेट सापडली."

दुसऱ्याच ओळीला गाण्यामागे टेबलावर अंगठीची टकटक ऐकू आली आणि माझी सुई थांबली. गाताना टेबलावर अंगठीने ठेका धरायची खोड धाकटीला कधीच नव्हती. ती खोड माझी. आवाजही माझाच! मेलीने माझी कॅसेट इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि कंपनीवाल्यांना ती तिचीच वाटली. आता कळू दे जगाला! मी ऐटीत चष्मा काढला आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात भाचीने हसत पुढचं गाणं लावलं. "ते पहिलं सोड गं मावशी. सगळे म्हणतात, इतकी बेसूर मुलगी पुढे एवढी मोठी गायिका झाली, कमालच आहे."

"हो ना," मी सुईत दोरा ओवत म्हटलं, "लहानपणी अशीच गायची ती."