आधी बल्ब लावा

अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून पुन्हा घुंऽ असा आवाज आला. ग्यानबानं बटण बंद केलं आणि पेचकस खाली ठेवला.

"न्हाई जमत," तो म्हणाला.

चांगुणा ओसरीवर वाती वळत बसली होती. उद्या ग्यानबाच्या बायकोचं, द्वारकाबाईचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी अंगणात बायकांचं भजन होतं, आणि ते आपण घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवरच व्हावं, असं ग्यानबानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चांगुणा शेजारची. भजनी मंडळात द्वारकाबाईच्या शेजारी तीच बसायची.

"मंग प्रेमदासचा स्पीकरचा सेट सांगून ठेवू का, दाजी? उद्याला रिकामा हाय म्हणला."

"भाड्याचा? तिच्या भजनाला?"

"मंग करा की ह्यो दुरुस्त. यंत्राला शिव्या देऊन थोडंच ते सुधरतंय."

"कसा करू चांगुणाबाई? मी नुसता हात. कान तिचा व्हता. कानच गेला."

ग्यानबानं जन्मभर हिंगोलीजवळच्या गोरेगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. गुडघे थकले तेव्हा दुकान पुतण्याला दिलं आणि घरी बसला. त्याच वर्षी द्वारकाबाईला मोठा ताप आला. ती त्यातून उठली. पुढं जरा मोठ्यानं बोलायला लागली, एवढाच काय तो फरक. ग्यानबा मात्र उठला नाही. दिवसभर भिंतीकडं पाहत बसायचा. भाकरी थंड झाली तर ताटावरून उठायचा, गरम असली तरी उठायचा. एक दिवस द्वारकाबाईच म्हणाली, "मला भजन ऐकायला चांगला बाजा पाहिजे. इकतचा नको. तुमी करा."

त्यानं हिंगोलीहून आवाज मोठा करणारी, नखाएवढी, पाच पायांची आयसी आणली. ती तापू नये म्हणून जुन्या जर्मलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचा तुकडा कापून तिच्या पाठीला लावला. सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवलं. पहिल्या दिवशी भजन कमी आणि घुं जास्त ऐकू आलं.

मग दोघांचा तोच उद्योग झाला. तो एक वायर बदलायचा, बटण लावायचा आणि विचारायचा, "आता?" द्वारकाबाई त्याच्या समोर बसलेली असायची. "अजून घुमून राहिलं," ती म्हणायची. तो दुसरी वायर धरायचा. त्यानं ट्रान्सफॉर्मर पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला. अर्थिंगच्या सगळ्या वायरी एकाच स्क्रूला आणून बांधल्या. "आता बराबर झालं," ती म्हणाली, आणि खरोखरच बरोबर झालं होतं. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

लहरी मात्र होती. मागून हाक मारली तर ओ द्यायची नाही. ग्यानबाला वाटायचं, रुसली. दिवस मावळला की म्हणायची, "आधी बल्ब लावा, मंग सांगते."

"काहून? डोळ्यानं ऐकून राहिली व्हय तू?"

ती हसायची. तो उठून बल्ब लावायचा.

ती गेल्यावर त्यानं पेटीला हात लावला नव्हता. या आठवड्यात उघडली तर एक कपॅसिटर फुगलेला. त्यानं नवा टाकला. भजन सुरू झालं, पण सोबत घुंसुद्धा परत आलं.

चांगुणानं वातींची परडी बाजूला सारली. ती उठली आणि ग्यानबाच्या समोर, द्वारकाबाईच्या जागेवर येऊन बसली.

"लावा बटण. मी सांगते."

ग्यानबानं नाइलाजानं पेचकस उचलला. एक वायर हलवली. "आता?"

"अजून घुमून राहिलं."

त्यानं दुसरी सरकवली. "आता?"

"न्हाई."

मग त्याला दिसलं. नवा कपॅसिटर बसवताना त्यानं अर्थिंगची एक वायर पेटीच्या पत्र्यालासुद्धा बांधली होती. अर्थिंग दोन जागी झालं होतं. त्यानं ती वायर सोडली आणि बटण लावलं. मोबाइलवरचं भजन स्वच्छ वाजू लागलं. त्याच्याखाली घुं नव्हतं.

त्यानं विचारण्याआधीच चांगुणा म्हणाली, "आता बराबर झालं."

ग्यानबाचे डोळे भरून आले. "तुमचा बी कान तिच्यासारखाच की हो!"

चांगुणा खाली पाहू लागली.

"मला त्यातलं काय कळतंय, दाजी? मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिले. घुं असलं की तुमच्या कपाळाला आठी पडती. गेलं की आठी जाती. द्वारकानंच सांगितलं व्हतं मला."

"काय सांगितलं व्हतं?"

"त्या तापात तिचे दोन्ही कान गेले. माझ्या हाताकडं पाहून टाळ वाजवायची ती. तुमच्या व्हटावरनं बोलणं वळखायची. तुमाला कळू देऊ नको म्हणली. कळलं तर बाजा गुंडाळून ठेवतील, अन् पुन्हा भिंतीकडं पाहत बसतील."

भजन संपलं, दुसरं सुरू झालं. ग्यानबा ते शेवटपर्यंत ऐकत राहिला.

अंगणातलं ऊन गेलं होतं. घरात अंधारून आलं. ग्यानबा गुडघ्यावर हात देऊन उठला. त्यानं बल्ब लावला. मग द्वारकाबाईच्या फोटोसमोर, आपल्या तोंडावर नीट उजेड पडेल असा बसला.

"बघ," तो म्हणाला.