वरच्या टप्प्याचा तोटा

सोमवारी दुपारी बारापर्यंत होकार किंवा नकार लेखी हवा, असे व्यवस्थापकांनी बजावले होते. आणि रविवारी चार वाजता मेहुणा आयकर कार्यालयातल्या कारकुनाला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आपले नऊ वर्षांचे सोंग आता तासाभराचेच सोबती आहे, हे काटेवाल्यांना कळून चुकले.

काटेवाले हे गल्लीने ठेवलेले नाव. वजनकाट्यांच्या कारखान्यात तयार काट्याची अखेरची तपासणी ते करीत, आणि केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दरवर्षी त्यांना पाळीप्रमुखाची जागा देऊ केली जाई व दरवर्षी ते ती नाकारीत. कारण ठरलेले होते: पगार वाढला की आपण कराच्या वरच्या टप्प्यात जाणार, सगळ्याच पगारावर चढा दर लागणार, करमुक्त सूटही हातची जाणार, आणि घरी येणार आजच्याहून कमी.

पहिल्या वर्षी हे त्यांनी मनोभावे मानले होते. अर्धा कारखाना तेच मानीत असे. त्याच वर्षअखेरीस रोखपालाने कागदावर शिडी काढून समजावले. चढा दर लागतो तो टप्प्याच्या वर गेलेल्या रकमेला, आणि तेवढ्यालाच. खालच्या पायऱ्या जागच्या हलत नाहीत, सूट आहे तिथेच राहते, आणि पगार वाढल्याने हाती कमी येईल ही भीती निराधार आहे. काटेवाल्यांनी मान डोलावली, रोखपालाचे आभार मानले आणि घरी अवाक्षरही काढले नाही.

कारण एव्हाना त्यांना उमगले होते की ती जागा आपल्याला नकोच आहे. पाळीप्रमुखाची आठाच्या आत सुटका नसे, शनिवार कारखान्यातच जाई, आणि माणसांवर खेकसणे हाच कामाचा मोठा भाग. काटेवाले साडेचारला घरी येत, पाचला पत्नीसमोर बुद्धिबळाचा पट मांडीत आणि सातच्या सुमारास हरत. या क्रमात फरक करावा असे त्यांना कधी वाटले नाही.

पण हे पत्नीला सांगावे कसे? ती शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी, भाजीचा भाव तीन ठिकाणी विचारून मगच पिशवी उघडणारी. एवढ्या पैशावर आपण निव्वळ सुखासाठी पाणी सोडले, हे कळल्यावर ती ओरडली असती तर परवडले असते. ती ओरडली नसती. नवऱ्याचा काटा कधी खोटे दाखवीत नाही, असे ती चारचौघांत अभिमानाने सांगे. ते मात्र तिने त्या दिवसापासून सांगितले नसते.

यंदा मेहुण्याने प्रकरण मनावर घेतले. तो दुकानदार, व्यवहारात मुरलेला. गेल्या रविवारी त्याने तोंडावर सुनावले होते, “भाऊजी, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुम्ही विहिरीवर तोंड धुवायला निघालात.” जाणत्याला विचारून काय तो सोक्षमोक्ष लावू, असा त्याचा हट्ट होता. तेव्हा पत्नीनेच शांतपणे सुचवले की, आपल्या शिवणकामाचे विवरण आपण ज्या खिडकीवर देतो, तिथले कारकून सज्जन आहेत, त्यांनाच बोलवावे. काटेवाल्यांनी मनाशी म्हटले, हिलाही संशय आहे तर.

चहा झाला. मेहुण्याने पगाराचे कागद टेबलावर पसरले आणि सगळी हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. कारकून कागद वाचीत राहिला. काटेवाले त्याच्या बोटाकडे पाहत राहिले. ते बोट एकेका ओळीवरून इतके सावकाश सरकत होते की फाशीचा दोरही याहून लवकर ओढला जात असावा.

“साहेब, आडवळण नको,” मेहुणा म्हणाला. “जागा घेतली तर यांचा फायदा की तोटा?”

कारकुनाने चष्मा काढून पुसला.

“तोटा.”

“म्हणजे सगळ्या पगारावर चढा दर लागतो?”

“टप्प्यांचं प्रकरण चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नसतं हो. बावीस वर्षं खिडकीवर बसतोय. यांच्या जागी मी असतो तर सही केली नसती.”

मेहुण्याने सरकारचा यथेच्छ उद्धार केला, कष्टाळू माणसाने जगूच नये का, असे भिंतीला विचारले, आणि कागद गोळा केले. पत्नी म्हणाली, “मी सांगत नव्हते? यांचा हिशेब चुकायचा नाही.” आणि तिने भावाच्या बशीत आणखी दोन बिस्किटे ठेवली.

काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. नकाराचे पत्र त्यांनी तिथल्या तिथे, वळणदार अक्षरात लिहून टाकले.

कारकुनाला पोचवायला ते कोपऱ्यापर्यंत गेले. नऊ वर्षांचे ओझे उतरलेला माणूस गप्प राहू शकत नाही.

“तुम्ही माझी लाज राखलीत,” ते म्हणाले. “चढा दर वरच्या रकमेपुरताच असतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षीच कळलं होतं. मलाच ती जागा नको होती. पण तुम्ही एका परक्या माणसासाठी हे का केलंत?”

कारकून जागच्या जागी थबकला. त्याने एकवार काटेवाल्यांच्या घराकडे पाहिले.

“तुमच्यासाठी नाही केलं,” तो म्हणाला. “वहिनी नऊ वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन खिडकीवर आल्या होत्या. सगळं नीट समजून घेतलं त्यांनी. तेव्हापासून दर वर्षी विवरण द्यायला आल्या की बजावून जातात, ‘आमच्या ह्यांना हे कधी कळू देऊ नका हं, कळलं, तर ते ती जागा घेतील.’”