बोटभर निळं

आप्पांना जिन्यावरून खाली आणलं, तेव्हा शववाहिनीचा चालक गाडीच्या दाराशी उकिडवा बसून पांढऱ्या रंगाचा डबा उघडत होता.

"आत्ता रंगवताय?" त्यांचा मुलगा चिडला. "कुठली वेळ आहे ही?"

"साहेब, माझ्यावर नका चिडू. आजपासून जुन्या चिन्हाची गाडी स्मशानाच्या फाटकातून आत सोडत नाहीत. सकाळी एकाला तिथूनच माघारी पाठवलं. मागे घरची माणसं रडतायत, पण पहारेकरी काही ऐकेना. तुम्ही ठेवा त्यांना आत, तोवर माझं होतंय."

आप्पांना आत ठेवलं. लेक मात्र दाराशीच उभी राहिली. दारावर शहराचं चिन्ह होतं. निळी गोल नदी, तिच्या पोटात पूल, आणि माथ्यावर नदीला बोटभर खंड.

"नवीन कसं आहे?" शेजारच्या काकांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"एक तिरकी रेघ आहे, काका. वर ठिपका. शहर धावतंय म्हणे."

"कुठे?" काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. चालकाने काडीने रंग ढवळायला घेतला.

"हे चिन्ह यांनी काढलंय," लेक आत बघत म्हणाली.

त्याचा हात थांबला. "यांनी? मग ते वरचं दारसुद्धा यांचंच? पाहुण्यांसाठी शहराचं दार सदा उघडं. माझ्या पोरीच्या पुस्तकात धडाच आहे."

"दार नाही ते."

आप्पा पालिकेच्या कारखान्यात रंगारी होते. कागदावर त्यांनी काढली होती ती पूर्ण नदी. गाड्यांवर उठवायला पत्र्यात साचा कापला, आणि नदी सलग कापली तर आतला पूल गळून पडेल म्हणून मध्ये एक पट्टी न कापता ठेवली. साचा उचलला की तिथे कोरी जागा उरायची. ती नंतर ब्रशने भरायची असते. आप्पा भरायचे. बाकीचे घाईत तशीच सोडून द्यायचे. पुढे कुणा साहेबांनी पाण्याच्या टँकरवरचं चिन्ह दाखवून शहराचा झेंडा शिवून घेतला, कोऱ्या जागेसकट. झेंडा चढला त्या दिवशी भाषणात तिचं दार झालं. टाळ्या पडल्या. मग कोण कुणाचं ऐकतंय?

आप्पांनी पिच्छा सोडला नाही. निवृत्त झाल्यावर खिशात निळा मेणाचा खडू घेऊन फिरायचे. कचरापेटी, बाक, दिव्याचा खांब, दिसेल तिथे थांबून खंड भरायचे. एकदा पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलं. मुलगा सोडवायला गेला आणि वाटेत त्यांच्यावर ओरडला, "अख्खं शहर चुकलंय आणि तुम्ही तेवढे बरोबर?"

"चुकलंय कुठे," आप्पा म्हणाले होते. "राहिलंय."

तो खडू आज सकाळी कपडे बदलताना त्यांच्या खिशातून निघाला होता. तेव्हापासून तो लेकीच्या मुठीत होता.

"जरा थांबाल?" ती चालकाला म्हणाली.

भावाने तिची मूठ बघितली. "ताई, नको. पुसायचंच आहे ते आता."

"म्हणूनच."

चालक बाजूला सरकला. ती दारापाशी गुडघ्यांवर बसली. एका हाताने पत्रा धरून तिने दुसऱ्या हाताने खंड भरला, खालून वर, पुन्हा वरून खाली, दाबून दाबून. खडूचा चुरा तिच्या नखांत शिरला. नदी मिटली. गाडीत आप्पांचे पाय दाराकडे होते. चादर घोट्यांवरून थोडी सरकली होती. तिने ती ओढून नीट केली आणि उठली.

"हं. लावा आता."

चालकाने ब्रश फिरवला. पूल गेला. नदी गेली. माथ्यावर मात्र रंग थेंब थेंब होऊन घसरला. त्याने दुसरा हात दिला. तोही घसरला.

"इथे धरेना हो."

"पाण्यातला रंग आहे," ती म्हणाली. "मेणावर नाही धरत."

चालकाने डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तेलाचा लवकर वाळत नाही, म्हणून हा दिलाय," तो उगाचच म्हणाला.

"राहू दे तसंच," भाऊ म्हणाला. "चला."

स्मशानाच्या फाटकाशी गाडी थांबली. पहारेकरी वाकला. दार पांढरंफटक होतं, अजून ओलं. त्याने बोट लावून बघितलं आणि बोट पँटला पुसलं.

"हे निळं काय आहे?"

लेकीने निळी नखं मुठीत मिटली.

"डाग आहे," चालक समोर बघत म्हणाला. "जात नाही."

फाटक उघडलं.