धुळीचं पांघरूण

आणखी एक खड्डा दिसला, तशी ओब्दुलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडेला कुदळीचे घाव होते. तुटलेलं जाड मूळ उन्हात सुकत पडलं होतं.

शेळ्या हाकत क्रिस्पिना वर आली. ती ओब्दुलियाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. आज ओब्दुलियानं तो शब्द गिळला.

"कुठल्या वाटेनं आणलंस त्यांना?"

"कुणाला?"

"पिकअपवाल्या चोरांना. रविवारी सगळं गाव जत्रेत होतं. माझ्याशिवाय टेकडीवर रोज येतेस ती तूच. कुंपणानंच शेत खाल्लं."

"रविवारी मी तुझ्याच गिरणीपुढे नाचत होते. गुडघे दुखत नाहीत का गं या वयात, असं विचारलंस तूच."

ओब्दुलियाला ते आठवलं आणि राग आणखीच वाढला.

चोर विकायला खणून नेत होते तो चाउते हा निवडुंगच, पण बिनकाट्याचा, जमिनीसरसा. वर्षभर धुळीखाली दगडासारखा पडून असतो. पाय पडला तरी कळत नाही. वाऱ्यानं उघडा पडला, की जाणारा येणारा त्याच्यावर मूठभर माती टाकतो. गावात याला पांघरूण घालणं म्हणतात. ओब्दुलियाची आईही घालायची.

ओब्दुलिया मात्र दुपारी मक्याची गिरणी बंद करून रंगाचा ब्रश घेऊन इथे यायची. एकेक चाउते झाडून लख्ख करायची, फोटो काढायची आणि शहरातल्या प्राध्यापक आर्मेन्तांना पाठवायची. असा चाउते कुठे नोंदलेला दिसत नाही, असं ते म्हणाले होते. पण फुलाचा फोटो हवा, त्याशिवाय ओळख पटायची नाही. नवा निघाला तर त्याला तिच्या गावाचं नाव देऊ. ज्या गावाला धड रस्ता नाही, नकाशावर ठिपका नाही, त्याचं नाव पुस्तकात छापून येणार होतं. त्या आशेवर ती सगळा उन्हाळा या टेकडीवर भाजली होती.

"आणि माझे फोटो कोण बिघडवतं?" ती म्हणाली. "मी साफ केलं, की मागून माती टाकत फिरतेस. दिसत नाही मला?"

"टाकते. उघडं दिसलं की टाकायचीच."

क्रिस्पिनानं तिचं मनगट धरलं आणि तिला उतारावर ओढत नेलं. चपलेच्या टोकानं धूळ सरकवली. खालून चांदणीसारख्या करड्या-हिरव्या चाउतेची टोकं वर आली.

"हे नेलं नाही. ते पलीकडचंही नाही. माझा हात पोचला तेवढी राहिली. आता तुझे खड्डे बघ."

ओब्दुलियानं फोन काढला. खड्ड्याशेजारचा फुटका खडक फोटोत होता. दुसऱ्या खड्ड्याजवळचं वाकडं झुडूपही होतं. प्रत्येक खड्ड्याचा फोटो तिच्याकडे होता, आणि त्या जागी झाडून लख्ख केलेला चाउते.

"मी चोर नाही," ती म्हणाली.

"नाहीस. चोरांसाठी झाडून ठेवणारी आहेस."

तिला क्रिस्पिनाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं बोलली म्हणूनच द्यावीशी वाटली. हातातला ब्रश तिनं दरीत भिरकावला. क्रिस्पिना शेळ्यांमागे निघून गेली. जाताना तिनंही कोमाद्रे म्हटलं नाही.

ओब्दुलिया एकटीच माथ्याकडे चढू लागली. धुळीतून काहीतरी गुलाबी वर आलेलं दिसलं, आणि ती जागीच थांबली. चाउते दिसत नव्हता. दिसत होतं ते नुसतं फूल, भर उन्हात पूर्ण उमललेलं, वाटेवरून सहज नजरेत भरेल असं.

माथ्याजवळ रेंज यायची. फोन वाजला.

"ओब्दुलियाबाई, हंगाम संपत आला," प्राध्यापक म्हणाले. "फूल दिसलं का कुठे?"

ती गुडघ्यांवर बसली. फोन खांद्यानं कानाशी दाबून तिनं मूठभर माती उचलली.

"नाही," ती म्हणाली. "इथे नुसते दगड आहेत."

तिनं माती टाकली. पाकळ्यांवरून ती घरंगळली. तिनं पुन्हा मूठ भरली.