उंबऱ्याशी केर
"शेवंती, आज केर नको काढूस," मी म्हटलं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. सीमेवर लढाई पेटल्यापासून माझी लेक सुरुची जखमी जवानांना आणायला हेलिकॉप्टर घेऊन जाते. कुठे ते तिला सांगता येत नाही. निघताना कळवते आणि तळावर परतली की "पोचले" एवढाच मेसेज करते. कालपासून तो आला नव्हता. "काकू, तुमच्या झाडूनी आभाळातलं इमान पडतंय व्हय? पायाखाली धूळ बघा किती हाय," शेवंती हसली, मग माझ्याकडे बघून गुपचूप भांड्यांना लागली. ती गेल्यावर घरात मी, देव आणि धूळ. जपाला बसले, पण मन लागेना. सुरुचीनेच एकदा सांगितलं होतं, "आई, मी काही पहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या मुली लाकडी विमानं घेऊन लढायला जायच्या." तेव्हा अभिमान वाटला होता. आज वाटलं, त्यांच्या आयांनी घरं कधी झाडली असतील? तेवढ्यात फोन वाजला. "पोचले." जपातून मधेच उठायचं नाही हा माझा नेम, पण उठलेच. देवाला हात जोडले, दारामागचा झाडू घेतला आणि देवघरापासून केर काढत आले. उंबऱ्याशी ढीग झाला, सुपली आणली, तोच फोन पुन्हा वाजला. "आई, पुन्हा निघतेय." मी झाडू दारामागे ठेवला, केर विस्कटू नये म्हणून त्यावर सुपली पालथी घातली, आणि अर्धी राहिलेली माळ पुन्हा हातात घेतली.