टिप किती द्यायची असते?

"तुम्हाला साधारण किती द्यायची पद्धत आहे हो?"

टोकाच्या केबिनमधल्या म्हाताऱ्यानं हे पुन्हा विचारलं आणि केबिनवाल्याच्या हातातली उशी अर्धी खोळीत, अर्धी बाहेर राहिली.

"आपली मर्जी, साहेब," तो म्हणाला आणि उशी थोपटू लागला.

खरं तर थोपटण्यासारखं काही नव्हतंच. म्हातारा सकाळी उठून पलंग स्वतःच नीट करायचा, टॉवेल पिळून वाळत टाकायचा, बेसिनसुद्धा पुसून ठेवायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रवासी त्यानं पाहिला नव्हता. अहो, पैसे मोजून क्रूझवर आलेला माणूस कधी बेसिन पुसतो का?

बरं, बाकीची मजा तरी करावी, तर तीही नाही. पोहायला जाणं नाही, संध्याकाळच्या नाचगाण्याला नाही. दिवसभर बोटीवर हिंडायचं आणि नोकरमाणसांना गाठून प्रश्न विचारायचे. डेकवर खुर्च्या मांडणाऱ्याला विचारून झालं, सरबतवाल्याला झालं. झोपता कुठे, एका खोलीत किती जण, जेवायला काय देतात, आणि फिरून फिरून गाडी तिथंच: टिप किती मिळते? दोघांनीही हसून वेळ मारून नेली होती.

हा आहे तरी कोण? केबिनवाल्याच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. चादरी बदलताना तोच विचार, फरशी पुसताना तोच.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मामांपाशी विषय काढला. मामा म्हणजे बोटीवरचे सगळ्यात जुने केबिनवाले. केस पांढरे, जीभ तिखट, आणि अख्ख्या बोटीची खबर त्यांच्याकडे.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "गाढवा, अजून कळलं नाही? कंपनीचा माणूस आहे तो! हे लोक प्रवासी बनून येतात, गोडगोड बोलतात. आपण आकडा बोललो की संपलं. टिप मागितली म्हणून नाव वर जातं. मागच्या हंगामात त्या डोळे मिचकावणाऱ्या पोराचं काय झालं? असाच आकडा बोलून गेला, पुढच्या बंदरात बॅग घेऊन खाली!"

"पण तसा वाटत नाही हो तो. कोट उसवलाय. बॅगेला दुकानाची चिठ्ठी अजून लटकतेय."

"मग? वेषांतर काय सूटबूट घालून करतात?"

हे मात्र केबिनवाल्याला पटलं. त्याचा करार याच फेरीला संपत होता. नवा मिळाला नाही तर धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं काय करायचं? पगार नुसता नावाला. घर चालायचं ते टिपांवर, आणि खोटं कशाला बोला, टिपा झकास मिळायच्या. चांगल्या फेरीला पगाराच्या दुप्पट. एका आजीबाईंनी तर निघताना बहिणीची वर्षाची फी निघेल एवढ्या नोटा हातात कोंबल्या होत्या.

"मग सांगू काय त्याला?"

"रडगाणं गा. काही मिळत नाही म्हण. फारच खोदलं तर चहापाण्यापुरतं सुटतं म्हण. पोरगा हावरट नाही, असं कळवेल वर."

दुसऱ्या दिवशी म्हातारा वाटच बघत होता. त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "बस बाळा, दोन मिनिटं."

"बसायची परवानगी नाही, साहेब."

"बरं, उभ्याउभ्या सांग. पण खरं सांग. तुझ्यासारख्या पोराला टिपांचे किती सुटत असतील? मी कुणाला बोलणार नाही."

कुणाला बोलणार नाही म्हणे! केबिनवाल्याची उरलीसुरली शंकाही फिटली.

"कसल्या टिपा, साहेब! चहापाण्यापुरतं मिळतं. तेही सगळ्यांत वाटून घ्यायचं."

"एखादा श्रीमंत माणूस? खूष होऊन देत असेल की मूठभर."

"सिनेमात देतात."

म्हातारा हसला नाही. "पण पगारापेक्षा जास्त होत असतील ना, सगळे धरून?"

"पगारापेक्षा जास्त?" आता केबिनवाला रंगात आला होता. "साहेब, असं कुणी सांगितलं ना, तर खुशाल समजा त्यानं प्रवाशांच्या सामानावर हात मारलाय!"

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि खिशातला फोन काढून हातात घेतला. मामांना हे सगळं ऐकवलं तेव्हा त्यांनी पाठीवर थाप मारली आणि करार झालाच म्हणून समज, असं सांगितलं.

शेवटच्या दिवशी बोट बंदराला लागली. म्हातारा बॅग घेऊन केबिनच्या दारात उभा होता. त्यानं एक छोटी नोट घडी करून पुढे केली. "तू म्हणालास तेवढेच देतोय हं. चहापाण्यापुरते."

केबिनवाल्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, पण आता मात्र त्याला राहवेना. "साहेब, रागावणार नसाल तर विचारतो. माझ्याबद्दल वर काय कळवणार तुम्ही?"

"वर? वर कुठे?"

"कंपनीत. तपासणीला आलात ना?"

"मी?" म्हातारा गोंधळला. मग पहिल्यांदाच हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "अरे, मी जन्मभर शाळेत घंटा दिली. फंड मोडून या बोटीचं तिकीट काढलं. मला कुणाला तरी समोरासमोर विचारायचं होतं, आणि बाकी सगळे हसून टाळत होते. तू तेवढा खरं बोललास, तुझे उपकार झाले."

"कसले उपकार, साहेब?"

"माझा मुलगाही अशाच बोटीवर केबिनवाला आहे. महिन्याला पगाराच्या दुप्पट पैसे घरी पाठवतो आणि टिपांचे आहेत म्हणतो. त्या दिवशी तुझ्याशी बोलणं झालं आणि लगेच फोन केला मी त्याला. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं."