नाव सांगायची गरज नाही

“सही शुक्रवारपर्यंत लागेल बरं का,” दिगंबरकाका म्हणाले आणि त्यांनी अळूवडीची ताटली शुभापुढे सरकवली.

“पण काका, माल आपल्याच गोदामात पडलाय.”

“कस्टमरनंच होल्ड करायला सांगितलंय.”

“मग तसं पत्र दाखवा, आत्ता सही करते.”

“येईल पत्र. आधी वडी खा.”

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत दिगंबर सबनीस अर्थविभागाचे व्हाइस प्रेसिडेंट होते आणि शुभा दिघे त्यांच्या हाताखाली अकाउंटिंग पॉलिसी बघायची. हिशेबात विक्री कधी धरायची हा नियम तिनंच लिहिला होता: माल गिऱ्हाइकाकडे रवाना झाला की धरायची, त्याआधी नाही. काही बड्या कंपन्या आकडे फुगवून बुडाल्या, म्हणून सरकारनं नवा कायदा आणला होता. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच, नियम तंतोतंत पाळला गेला, अशी सही शुभाला द्यायची होती. आणि विकले म्हणून दाखवलेले ब्रेक गोदामात धूळ खात होते.

ऑफिसात सगळे काकांना डिग म्हणत. काका म्हणणारी शुभा एकटीच. दिवाळीला वाकून नमस्कार करणारीही तीच. नोकरी त्यांनी दिली, ग्रीन कार्डाचे कागद त्यांनीच पुढे सरकवले. संग्रामची, तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून त्याचं, लेकीचं आणि तिचं इथलं राहणं या एका नोकरीवर टेकलेलं होतं. सही नाकारली तर चंबूगबाळं आवरून परत जायचं. केली तर उद्या चौकशीत पहिली मान तिचीच. हे काकांना नीट ठाऊक होतं, आणि तरी ते वडी खा म्हणत होते.

काकांच्या पत्नी पद्मिनीकाकूंनी स्वयंपाकघरातून गरम वड्या आणल्या तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ घुमलं. त्यात दर तासाला वेगळा पक्षी ओरडायचा. बाराला घुबड.

“थोरल्यानं दिलंय ख्रिसमसला,” काकू वैतागून म्हणाल्या. “भर दुपारी घरात घुबड. काढून टाका म्हटलं की हे हसतात.”

मग फोन वाजला. “कुणीतरी आजी अडकल्या असतील हॉस्पिटलात. इंग्रजी येत नाही गं बिचाऱ्यांना. त्यांचं दुखणं फोनवरून डॉक्टरला इंग्रजीत सांगायचं, झालं,” म्हणत काकू आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

शुभाला अगदी भरून आलं. सुट्टीच्या दिवशी हातातला घास टाकून परक्यांसाठी उठणारी ही माणसं, आणि आपण यांच्याच पानावर बसून यांच्यावर संशय घेतोय. तिची तिलाच लाज वाटली. पण गोदाम काही डोळ्यांपुढून जाईना.

निघताना काकूंनी तिचा हात हातात घेतला. “काकांचं ऐक गं. तू मला लेकीसारखी. हे घर उभं करण्यात आयुष्य गेलंय माझं.”

ऑफिसात कॉफी मशीनशेजारी एक पिवळं पोस्टर होतं. तेही नव्या कायद्याचंच बाळ. काही गैर दिसतंय? फोन करा. नाव सांगायची गरज नाही. कुठल्याही भाषेत बोला. फोन बाहेरची एजन्सी घ्यायची आणि तक्रार थेट संचालकांच्या ऑडिट कमिटीकडे जायची, काकांच्या डोक्यावरून.

अडचण एवढीच, की फोन टेप होतात असं सगळे म्हणत. अर्थविभागात भारतीय बाई एकटी शुभा. तिनं इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची खोटी, कुणीही ओळखलं असतं. पण गोदामात पॅकिंगला सोलापूरकडच्या तिघीचौघी होत्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या. त्यांच्यातली एखादी मराठीत बोलली, तर कोण कुणाला शोधणार? स्वतःच्या हुशारीवर शुभा त्या आठवड्यात पहिल्यांदाच खूश झाली.

“यार, काकांची कंप्लेंट करणार तू?” संग्रामनं विचारलं.

“आकड्यांची करणार. नाव नाही घेणार मी कुणाचं.”

“आणि विचारलं तर?”

शुभानं पोस्टरवरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी पावणेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, ती लायब्ररीबाहेरच्या सार्वजनिक फोनवर गेली. फोनच्या तोंडावर रुमाल धरला. ऑपरेटर बाईंना “नो इंग्लिश, मराठी,” एवढंच म्हणाली. बराच वेळ संगीत वाजलं. मग खरखरत्या लाइनवर दुभाषी बाई आल्या. “बोला,” त्या म्हणाल्या. कामाची माणसं बोलतात तसा कोरडा आवाज.

शुभानं आवाज घोगरा केला. “विकला म्हणून लिहिलेला माल गोदामातच हाय बगा. आमीच रचून ठिवलाय.”

दुभाषी बाईंनी ते ऑपरेटरला इंग्रजीत सांगितलं. शुभा मनातल्या मनात ताडून पाहत होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिला हायसं वाटलं. ऑपरेटरनं आणखी काही विचारलं, ते मराठीत आलं, शुभाचं उत्तर इंग्रजीत गेलं. कित्येक महिन्यांत कुणी तिचं इतकं नीट ऐकून घेतलं नव्हतं.

“त्या विचारतायत,” दुभाषी बाई म्हणाल्या, “हे करायला लावलं कुणी?”

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

“दिगंबर सबनीस,” ती म्हणाली.

पलीकडे कुणी बोलेना. लाइन तुटली की काय म्हणून शुभानं फोन कानाशी घट्ट दाबला. तेव्हा दूर, कुठल्याशा भिंतीवर, घुबड घुमलं.

दुभाषी बाईंनी घसा खाकरला आणि त्याच कोरड्या आवाजात ऑपरेटरला इंग्रजीत सांगितलं, “ती म्हणते, हे सगळं पॉलिसी बघणाऱ्या शुभा दिघेनं केलंय.”